जबानी

रॉबर्ट ऑल्टमनचा ‘गॉसफर्ड पार्क’ (2001) पाहिला. 1932 सालचं इंग्लंड. श्रीमंताची हवेली, वर पाहुणे, खाली नोकर. मालकाचा खून होतो. बाज जुन्या रहस्यकथेचाच. इन्स्पेक्टर येतो, पण नोकरांत त्याला रस नाही. मयताशी खरा संबंध असलेली माणसंच हवीत म्हणे.

आणि विष घालणारी घरातलीच हाउसकीपर! तरुणपणी ती ह्याच मालकाच्या कारखान्यात होती. त्याच्यापासून झालेलं तिचं पोर त्यानं अनाथालयात टाकलं. तो पोरगा आता बापाला मारायला आलाय, हे तिनं ओळखलं. त्याच्या हातून खून होऊ नये म्हणून तिनंच आधी विष घातलं. एवढा संबंध, तो इन्स्पेक्टरला दिसलाच नाही.

मला आय आठवली. बंगल्यावर भांडी घासायची. एकदा बाईंची अंगठी हरवली. जबानी एकट्या आयची. पदर झटकायला लावला. अंगठी न्हाणीत साबणाखाली निघाली. बाई काही न बोलता आत गेल्या.

दोस्तांनो, तिथं नोकरावर संशय येत नाही; इथं नोकराशिवाय कुणावर येत नाही. दोन्हीकडं नोकर माणसांत धरलेलाच नाही.

सिनेमात रहस्य उलगडतं ते मेरी नावाच्या मोलकरणीला. ती गप्प राहते. आयही गप्प राहिली. म्हणून तिची जबानी मी लिहितोय.