जवळजवळ बरोबर

'जवळजवळ बरोबर' या शब्दांच्या अर्थाबद्दल आमच्या बँकेत कधीच मतभेद झाले नाहीत. त्याचा अर्थ 'चूक' असा आहे. इतर धंद्यांत तसं नसतं. शिंपी जवळजवळ मापात शिवतो, रिक्षावाला जवळजवळ घरापाशी सोडतो आणि स्थळ सांगून येतं तेव्हा मुलगा जवळजवळ इंजिनियर असतो. पण 'कॅश जवळजवळ जुळली' असं सांगणारा कॅशियर मी पाहिलेला नाही. म्हणजे, दुसऱ्या दिवशी पाहिलेला नाही.

मी २००३ साली एका सहकारी बँकेत कारकून म्हणून चिकटलो. (बी.कॉम., सेकंड क्लास. कुणी विचारत नाही, पण सांगून ठेवतो.) आमच्या शाखेत तेव्हा लेजरं हातानं लिहिली जात आणि महिनाअखेरीला सगळ्या खात्यांची बेरीज जनरल लेजरशी ताळून पाहत. एकदा अठरा पैशांचा फरक आला. रात्रीचे साडेनऊ वाजले, चहावाला टपरी बंद करून घरी गेला, तरी अठरा पैसे काही सापडेनात. शेवटी एका नव्या मुलानं खिशातून चार आणे काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "साहेब, हे घ्या. वरचे सात पैसे बँकेला."

आमचे हेडक्लार्क चष्म्यावरून त्याच्याकडे बघत म्हणाले, "अरे, अठरा पैशांचा फरक म्हणजे अठरा पैशांचीच चूक, असं कुठं लिहिलंय? इकडे दहा हजार जास्त आणि तिकडे नऊ हजार नऊशे नव्याण्णव रुपये ब्याऐंशी पैसे कमी, असंही असेल. पैसे कमी पडलेले नाहीत. शोध कमी पडलाय. ठेव ते खिशात."

मग त्यांनी आम्हाला दोन मंत्र दिले. फरकाला नवानं भाग गेला, तर कुणीतरी आकड्यांची अदलाबदल केली असेल, म्हणजे चौसष्टचे सेहेचाळीस. आणि फरकाला दोनानं भाग गेला, तर निम्मी रक्कम शोधा. ती कुणीतरी नावेऐवजी जमेच्या बाजूला लिहिली असेल. आता अठराला दोन्हींनी भाग जातो, हे आमचं नशीब. सव्वादहाला सापडलं : नऊ पैसे, उलट्या बाजूला. तेव्हापासून कुठलाही फरक दिसला की मी रक्कम मागाहून विचारतो, आधी बाजू विचारतो.

हे सगळं सांगायचं कारण माझी भाची. ही पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि आठवड्यातले दोन दिवस आमच्या डायनिंग टेबलावर आहे. त्याला 'वर्क फ्रॉम होम' म्हणतात. होम आमचं, वर्क तिचं. एका शुक्रवारी संध्याकाळी ती त्या टेबलापाशी गालाला हात लावून बसलेली होती. मी विचारलं, "काय गं, बॅलन्स जुळत नाही का?"

"जुळतोय, मामा. तोच तर प्रॉब्लेम आहे."

जुळण्याचा प्रॉब्लेम असलेलं माणूस मी प्रथमच पाहत होतो. खुर्ची ओढून बसलो.

प्रकरण असं होतं. यांची कंपनी कर्जाचे हप्ते आणि व्याज मोजणारा प्रोग्रॅम तयार करते. प्रोग्रॅम बरोबर मोजतो की नाही हे पाहायला शेकडो चाचण्या असतात. प्रत्येक चाचणीत 'अपेक्षित' आकडा आधीच लिहून ठेवलेला, प्रोग्रॅम 'प्रत्यक्ष' आकडा काढणार, आणि दोन्ही ताळून पाहणारं एक वेगळं छोटं अवजार, ते 'पास' किंवा 'नापास' म्हणणार. म्हणजे आमच्याकडचा टिकमार्क करणारा कारकून. फक्त याला चहा लागत नाही. तर या ताळणाऱ्या अवजारातच एका सीनियरनं बदल केला होता, आणि तो तपासून 'ठीक' म्हणायचं काम माझ्या भाचीकडे आलं होतं.

बदल तिनं मला पडद्यावर दाखवला. काढलेल्या ओळी तांबड्या, समोर उणे चिन्ह. घातलेल्या ओळी हिरव्या, समोर अधिक चिन्ह. एवढंच पाहायचं, बाकीची पोथी वाचायची नाही. दोन फायली शेजारी ठेवून नेमका फरक काढणारा 'डिफ' नावाचा प्रोग्रॅम अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजमध्ये १९७४ च्या सुमाराला आला, आणि त्यामागची युक्ती जेम्स हंट आणि डग्लस मॅकिलरॉय यांनी १९७६ साली अहवालात मांडली. हे ऐकून मला जरा वाईटच वाटलं. त्यानंतर सत्तावीस वर्षांनी आम्ही इकडे लाल पेन्सिल कानाला खोचून लेजरं ताळत होतो.

"पण बदल करायचा कशाला? आकडे जुळत होते ना?" मी.

"जुळत होते. नवीन मशीन घेतल्यापासून शेवटचा आकडा हलतो. संगणकाला एक दशांश नीट लिहिता येत नाही, मामा."

मला वाटलं थट्टा करतेय. तिनं तिथल्या तिथे ०.१ अधिक ०.२ करून दाखवलं. उत्तर आलं ०.३०००००००००००००००४. तीनानंतर पंधरा शून्यं आणि मग चार! हे उत्तर आमच्याकडे एखाद्यानं लिहिलं असतं तर त्याची बदली डिस्पॅचला झाली असती. पण यात यंत्राचा दोष नाही, असं भाची म्हणते. आपल्याला दशमानात एक तृतीयांश पुरता लिहिता येत नाही, तीनावर तीन चालूच राहतात. तसं संगणकाला द्विमानात एक दशांशाचं होतं. तो कुठंतरी थांबतो. आणि बेरजेचा क्रम बदलला की हे कुठंतरी थांबणंही बदलतं. त्यामुळे नव्या मशीनवर बाराव्या-तेराव्या दशांश स्थळी फरक पडून अर्ध्या चाचण्या नापास झाल्या होत्या. सोमवारी सकाळी माल ग्राहकाकडे जायचा. तेव्हा सीनियरनं अवजाराला सांगितलं, एका पैशापर्यंत फरक असला तरी पास म्हण. सगळ्या चाचण्या फटाफट पास. दोघांनी 'ठीक' म्हणून शेरा मारलाही होता. तिसरी सही माझ्या भाचीची. आणि तिचं प्रमोशन ज्याच्या अहवालावर, तो मनुष्य म्हणजे हाच सीनियर.

"मग अडलंय कुठं?"

"माहीत नाही. फार गुळगुळीत वाटतंय."

हे वाक्य ऐकून मला भाचीबद्दल अभिमान वाटला. बँकेत आली असती तर ऑफिसर झाली असती.

"ती ओळ मला मराठीत वाचून दाखव," मी म्हणालो.

"प्रत्यक्षातून अपेक्षित वजा कर. उत्तर एका पैशापेक्षा मोठं असेल तर नापास. नाहीतर पास."

"आणि प्रत्यक्ष कमी भरलं तर?"

"म्हणजे?"

"अगं, जमेला जास्त झाले तर पकडतोय. नावेला गेले तर? वजाबाकी उणे आली तर?"

भाची माझ्याकडे बघायला लागली. मग पडद्याकडे. उणे शंभर काय, उणे लाख काय, एका पैशापेक्षा मोठं कधीच नाही! तिनं विचारलं, "मामा, दहा लाखांचं कर्ज, वीस वर्षं, साडेआठ टक्के, हप्ता किती?" हे मला झोपेत येतं. "आठ हजार सहाशे अठ्ठ्याहत्तर आणि काही पैसे." तिनं अपेक्षितच्या जागी ते घातले, प्रत्यक्षच्या जागी शून्य. अवजार म्हणालं : पास. आयुष्यात प्रथमच मला एखाद्याकडून कर्ज काढावंसं वाटलं.

"ॲब्सोल्यूट व्हॅल्यू घ्यायची राहिली," भाची म्हणाली. म्हणजे चिन्ह पुसून नुसता फरक घ्यायचा. तिला मग उत्साह आला आणि तिनं आणखी एक काढलं. शून्याला शून्यानं भागलं की संगणक उत्तर देतो 'नॉट अ नंबर'. आकडाच नाही. १९८५ च्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे हा प्राणी कुणापेक्षा मोठा नाही, कुणापेक्षा लहान नाही, आणि स्वतःच्याही बरोबर नाही. (अशी काही माणसं आमच्या संचालक मंडळात होती.) तो एका पैशापेक्षा मोठा नाही, म्हणून तोही पास.

एवढ्यात स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींचा आवाज आला, "एका पैशासाठी जेवायचं थांबलोय का आपण?" प्रश्न जेवणाबद्दल असला तरी हिशेबी दृष्टीनं मार्मिक होता. दरमहा एक पैसा, २४० हप्ते, माणशी दोन रुपये चाळीस पैसे. लाख कर्जदार असले तर दोन लाख चाळीस हजार. आणि मुळात गळती बाराव्या दशांशाची असताना एका पैशाची बादली कशाला ठेवायची?

असं घडलेलंही आहे. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या शेअर बाजारानं १९८२ च्या जानेवारीत आपला निर्देशांक १००० वर सुरू केला. तो दिवसातून हजारो वेळा नव्यानं काढत, आणि प्रत्येक वेळी तिसऱ्या दशांशापुढचं जवळच्या आकड्याला न नेता नुसतं कापून टाकत. कापलेलं नेहमी एकाच बाजूला पडे. बाजार चांगला असूनही निर्देशांक आपला घसरतोय! १९८३ च्या नोव्हेंबरात तो ५२४ च्या आसपास आला होता. नीट मोजल्यावर तो १०९८ च्या वर निघाला. तिथं आमचे हेडक्लार्क असते तर पहिल्याच आठवड्यात कुणालाही घरी जाऊ दिलं नसतं.

जेवताना भाचीनं 'जवळ' म्हणजे काय ते मला समजावलं. हा वादाचा विषय आहे. पायथॉन नावाच्या संगणकभाषेत २०१५ पासून 'जवळ आहे का' असं विचारायची सोय आहे. ती दोन आकड्यांतला मोठा धरून शंभर कोटींत एक एवढा फरक चालवते. पण आकडेमोडीच्या नमपाय या संचात तीच चौकशी दोहोंपैकी एकालाच प्रमाण धरते, त्यामुळे अ हा ब च्या जवळ असला तरी ब हा अ च्या जवळ असेलच असं नाही. यावर मी काही बोललो नाही. सौभाग्यवतींच्या माहेरचा आणि माझा संबंध मला लगेच समजला. आणि शून्याच्या जवळ तर या हिशेबानं कोणीच नसतं, कारण शून्यापासूनचा फरक म्हणजे तो आकडाच, आणि कुठलाही आकडा स्वतःच्या शंभर कोटींतल्या एका भागापेक्षा मोठाच. कर्ज फिटल्यावरची बाकी ताळायची तर वेगळी सूट लिहून द्यावी लागते.

खरी पंचाईत पुढे होती. साहेबाची ओळ चुकली, हे साहेबाला लिहून कसं कळवायचं? मी मसुदा सुचवला : 'उपरोक्त बदलाच्या अनुषंगाने आपल्या निदर्शनास आणून देण्यात येते की...' भाचीला ठसका लागला. तिनं दोनच ओळी लिहिल्या : 'फरक उणे आला किंवा आकडाच आला नाही तर काय होईल? अवजारानं नापास म्हणायलाच हवं, अशा तीन-चार चाचण्याही जोडता येतील का?' दुसरी ओळ मला फार आवडली. आमच्या शाखेतल्या धोक्याच्या घंटेची कळ आम्ही अधूनमधून मुद्दाम दाबून बघतो. घंटा वाजली नाही तर शाखेत रोजच शांतता असते.

'पाठवा'चं बटन दाबायला तिला वीस मिनिटं लागली. बोट पुढे जाई, मागे येई. मी पेपर वाचत बसलो. एकच पान, वीस मिनिटं.

दहा वाजून गेल्यावर उत्तर आलं. 'अरे बाप रे. थँक्स.' सीनियर सज्जन निघाला. त्यानं रात्रीच ओळ बदलली, सूट आवळली, नवी मशीनं पुन्हा चालवली. बाकी सगळ्या चाचण्या पास, तीन नापास. या तिन्ही खरोखरच चुकलेल्या होत्या. वार्षिक व्याजाला ३६५ नं भागायचं, तिथं कुणीतरी २९ फेब्रुवारीच्या उत्साहात ३६६ नं भागत होतं. व्याज कमी येत होतं, म्हणजे फरक उण्याच्या बाजूला. म्हणून तर इतका वेळ मुकाट्यानं पास होत होतं! माल सोमवारऐवजी बुधवारी जाईल, असं ग्राहकाला कळवलं.

बदल मंजूर करताना तिथं 'तपासणार' म्हणून नाव घालायची पद्धत असते. भाचीनं स्वतःचं घातलं आणि जरा ओशाळून म्हणाली, "मामा, तुझंही घातलं असतं. पण तुझं तिथं खातं नाही."

वीस वर्षांहून अधिक काळ लोकांना खाती उघडून देतोय मी. विचारलं, काय लागेल? आधार, पॅन, दोन फोटो?

"ईमेल पुरे," ती म्हणाली.

केवायसी नाहीच म्हणे.