आकडा टोमणा मारत नाही

घरात बाळंतीण असली की तिच्याविषयी मत नसलेलं माणूस शोधून सापडत नाही. एकीला ती वाळलेली दिसते, दुसरीला सुटलेली. डिंकाचे लाडू कमी पडले इथपासून ते फारच झाले इथपर्यंत सगळं तिनं ऐकायचं. बोलणारी माणसं मायेचीच असतात. पण दिवसभर दुसऱ्यांच्या नजरेतून स्वतःकडे बघून बाई किती थकते, हे आपणा सगळ्याजणींना ठाऊक आहे.

माझी लेक बेंगळुरूला नोकरी करते आणि हौसेनं गोल्फ खेळते. बाळंतपणाला बेळगावला आली, तेव्हा सामानात दोन क्लब आणि मुठीत मावेल असं एक यंत्र होतं. लॉन्च मॉनिटर म्हणतात त्याला. बाळ पाच महिन्यांचं झालं, डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली, तसं तिनं परसात हिरवी चटई अंथरली आणि समोर दहा फुटांवर जाड जाळी बांधली.

"वैनी, पडवळाचा मांडव घालताय काय वं?" शेजारच्या आक्कांनी कुंपणावरून विचारलं.

आमच्याकडे जेवणं सूर्यास्ताआधी उरकतात, त्यामुळे संध्याकाळ मोकळी. बाळ आजोबांच्या मांडीवर, परसातला दिवा लावलेला आणि यंत्राच्याही मागे स्टूल टाकून मी बसलेली. चेंडू जेमतेम ४६ ग्रॅमचा, पण सुटतो ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. म्हणून रोज आधी जाळीच्या गाठी तपासायच्या आणि तिच्या पुढे कुणी जायचं नाही, हा नियम मी घालून दिला.

यंत्र चेंडूच्या मागे सहा-सात फुटांवर, नेमाच्या सरळ रेषेत ठेवायचं. त्यात छोटं रडार असतं. टिळकवाडीच्या रेल्वे फाटकाशी उभं राहिलं की जवळ येणाऱ्या गाडीची शिट्टी चढी ऐकू येते नि गाडी पुढे गेली की उतरते. ही गंमत डॉप्लर नावाच्या शास्त्रज्ञानं १८४२ साली मांडली. रडारच्या लहरी चेंडूवर आपटून परततात, तेव्हा त्यांच्यातही असाच फरक पडतो आणि त्यावरून वेग कळतो. क्लबचा वेग, चेंडूचा वेग, तो किती वर उठला, कुठल्या बाजूला निघाला, सगळं क्षणात मोबाईलवर.

पहिल्याच संध्याकाळी तिचा चेहरा उतरला. पूर्वी सात नंबरच्या आयर्ननं चेंडू १२० यार्ड जायचा. आता १०० दाखवत होता. क्लबचा वेग ताशी १०५ किलोमीटरवरून ९३ वर आलेला. "आई, माझं संपलं गं सगळं," म्हणाली नि क्लब भिंतीला टेकवून आत गेली.

मला त्या खेळातलं काही कळत नव्हतं. पण वाण्याची यादी तपासायची सवय जुनी. एकूण रकमेला घाबरायचं नाही, आधी ओळी वाचायच्या. दुसऱ्या दिवशी तिला म्हटलं, "हे १०० यार्ड यंत्रानं बघितले कुठून? चेंडू तर दहा फुटांवर जाळीत अडकतो." तिनं समजावलं, की यंत्र सुरुवातीचा वेग आणि कोन बघतं, पुढचं अंतर हिशेबानं काढतं. म्हणजे यादीत दोन जातीचे आकडे. काही डोळ्यांनी पाहिलेले, काही मांडलेले. मी वहीत दोन रकाने आखले.

मग एक ओळ सापडली. चेंडूचा वेग भागिले क्लबचा वेग, याला स्मॅश फॅक्टर म्हणतात. चेंडू क्लबच्या मधोमध बसला तर हा आकडा चांगला येतो, कडेला लागला की घसरतो. पूर्वी १३७ भागिले १०५, आता १२२ भागिले ९३. दोन्ही वेळा १.३ च! ताकद कमी झाली होती, हात मात्र विसरला नव्हता. तिनं स्वतः पुन्हा भागाकार करून बघितला, मग माझ्याकडे बघून हसली. किती दिवसांनी!

अदिती अशोक २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये चौथी आली. तिची बॅग वाहायला तिची आईच होती. लांब फटक्यांपेक्षा पटिंगसाठी, म्हणजे हिरवळीवरच्या हलक्या, नेमक्या फटक्यांसाठी तिचं नाव घेतात. हे मी लेकीला सांगितलं नाही, ते तिलाच माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. मला मात्र ते आठवून धीर आला.

यंत्र लाड करत नाही नि टोमणाही मारत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण बाळ रात्री चारदा उठलं, हे त्याच्या रडारला दिसत नाही. म्हणून वहीत तिसरा रकाना मी घातला, झोपेचा. ज्या दिवशी तिथं तीन तास लिहिलेले, त्या दिवशीचा वेग बघून आता कुणी क्लब भिंतीला टेकवत नाही. आम्ही फक्त कालच्या पानाशी ताडून बघतो, जावेच्या लेकीशी किंवा मैत्रिणीशी नाही.

रजेचे सव्वीस आठवडे आता संपत आलेत. ऑफिसातही तिला कुणीतरी मोजणारच. जाताना यंत्र ती नेईलच, मी वहीसुद्धा तिच्या बॅगेत घालणार आहे. तिसरा रकाना तिनं स्वतः भरावा, एवढंच सांगणार आहे.