हवा किती भरायची, हे कोण ठरवतं?

६ डिसेंबर जवळ आला की आमच्या तिरोडा तालुक्यात गाड्यांची बोलणी सुरू होतात. चैत्यभूमीला रेल्वेनं जाणारे आजही जास्त. पण समृद्धी महामार्ग सुरू झाल्यापासून बोदलकसा, मंगेझरी, चोरखमारा या जंगलपट्ट्यातली चार-पाच घरं मिळून एखादी बोलेरो किंवा जुनी सुमो ठरवतात आणि थेट दादरची वाट धरतात. वर्गणी किती, भाकरी कोण बांधणार, लहान पोरं न्यायची की नाही, पुस्तकांच्या स्टॉलसाठी पैसे कुणाकडे ठेवायचे, यावर बैठका होतात. टायरमध्ये हवा किती भरायची, यावर मात्र होत नाही. तो प्रश्न ड्रायव्हरचा, असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. मी विचारला तेव्हा एका पोरानं उत्तर दिलं, "ताई, तुम्ही बसा निवांत. हवा कमीच ठेवा लागते जी, नाईतं गाडी उसळते."

तो खोटं बोलत नव्हता. त्याचं वर्षभराचं काम बोदलकशाच्या तलावाभोवतीच्या वाटांवर चालतं. मुरूम, दगड, पावसाळ्यात चिखल, धानाच्या बांध्यांतून जाणारी पांदण. अशा वाटेवर टायर थोडा मऊ असलेला बरा. हवा कमी केली की टायर जमिनीवर पसरतो, पकड वाढते, टोकदार दगडावर तो फाटण्याऐवजी दबतो आणि मागे बसलेल्या बाळंतिणीला हादरे कमी बसतात. नागझिऱ्यात सफारीच्या गाड्या चालवणाऱ्यांना हे पुस्तक न वाचता कळतं. अनुभवातून आलेलं ज्ञान आहे ते, आणि त्याला हसणाऱ्या शहरी माणसानं एकदा जुलै महिन्यात इकडे गाडी घालून बघावी.

पण तीच गाडी, तीच हवा घेऊन नागपूरच्या शिवमडक्याला समृद्धीवर चढते, तेव्हा गणित उलटं होतं. जंगलात ताशी वीस-पंचवीसच्या वेगानं जाणारा टायर इथे शंभरच्या पुढे जातो. कारसाठी कमाल मर्यादा १२० आहे. जीपच्या टायरचा घेर साधारण सव्वादोन मीटर धरा. १२० च्या वेगाला तो सेकंदाला पंधरा फेऱ्या मारतो. म्हणजे टायरच्या बाजूचा प्रत्येक भाग सेकंदाला पंधरा वेळा जमिनीपाशी दबतो आणि पुन्हा सरळ होतो. नागपूर ते ठाणे जिल्ह्यातलं आमणे, ७०१ किलोमीटर, एवढ्या अंतरात असं तीन लाखांहून जास्त वेळा घडतं. हवा पुरेशी असेल तर हे दबणं थोडं असतं. कमी असेल तर बाजूची भिंत प्रत्येक फेरीला खोल मुडपते आणि त्या मुडपण्यातून उष्णता तयार होते. रबर उष्णता सहज बाहेर सोडत नाही. आतले थर एकमेकांपासून सुटू लागतात. बाहेरून काहीच दिसत नाही. मग एका क्षणी टायर फुटतो आणि आपण म्हणतो, अचानक फुटला.

त्यात या गाड्या उंच. वजनाचा मध्य वर असतो. मऊ टायर वळणावर आडवा लवतो आणि टायर फुटल्यावर चालकानं घाबरून स्टिअरिंग ओढलं की अशी गाडी सरकण्याऐवजी उलटते. वर नऊ जणांच्या गाडीत तेरा माणसं. चार माणसं जास्तीची म्हणजे सव्वादोनशे-अडीचशे किलो, शिवाय पिशव्या, आणि त्यातला बहुतेक भार मागच्या दोन टायरांवर.

मग बरोबर आकडा कोणता? ड्रायव्हरच्या दारापाशी खांबावर कंपनीचा स्टिकर असतो, त्यावर पुढच्या आणि मागच्या टायरचे आकडे दिलेले असतात. बहुतेक वेळा रिकाम्या गाडीचे वेगळे आणि भरलेल्या गाडीचे वेगळे. महामार्गावर माणसं भरून जाताना भरलेल्या गाडीचा आकडा घ्यायचा. टायरच्या बाजूवर कोरलेला मोठा आकडा म्हणजे तो टायर जास्तीत जास्त किती दाब सहन करतो त्याची हद्द, ती भरायची हवा नव्हे. हा गोंधळ मी पंक्चरच्या दुकानातही पाहिलाय आणि एम.टेक. झालेल्या माणसातही. काही जण मायलेज वाढेल म्हणून त्या हद्दीपर्यंत हवा ठासतात. मग टायर फुगून फक्त मधल्या पट्ट्यावर चालतो, मधोमध झिजतो, पावसात ब्रेक मारला की घसरतो. कमी हवेचा टायर दोन्ही कडांना झिजतो. स्वतःच्या गाडीचे टायर वाकून बघा, मागच्या सहा महिन्यांचा हिशेब तिथे लिहिलेला असतो.

आणखी एक गोष्ट, जी आमच्या हवामानात फार महत्त्वाची. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो, म्हणजे गाडी तीन-चार तास उभी असताना मोजलेला. तापमान पाच-सहा अंशांनी बदललं की दाब साधारण एका पीएसआयनं बदलतो. डिसेंबरात इकडे दुपारी तीस अंश आणि पहाटे दहा-बारा अंश असतात. आदल्या दिवशी दुपारी तिरोड्यात ३२ भरली, तर पहाटे निघताना टायरात २९ च्या आसपासच असणार. म्हणून निघायच्या पहाटे मोजायची. उलट, वाटेत दोन-तीन तास पळून गाडी थांबवल्यावर मोजली तर चार-पाच पीएसआय जास्तच दिसतील. ते बघून पोरं पिन दाबून हवा सोडतात. गरम टायरची हवा सोडायची नाही. सोडली, तर तो टायर थंड झाल्यावर कमी हवेचा होतो आणि पुढच्या टप्प्यात आणखी तापतो.

इथवर वाचून कुणी म्हणेल, हा ब्लॉग चळवळीचा की गॅरेजचा?

चाळीसगाव आठवा. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये बाबासाहेबांनी १९२९ ची हकिकत सांगितली आहे. चाळीसगावच्या टांगेवाल्यांनी अस्पृश्याला बसवून टांगा हाकणं कमीपणाचं मानलं. तोडगा असा निघाला की टांगा त्यांचा, हाकणारा आपल्यातला. त्या माणसाला टांगा हाकण्याचा सराव नव्हता. नदीवरच्या फरशीवर टांगा उलटला, घोडा-गाडी खाली गेली, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. ही गोष्ट आपण टांगेवाल्यांच्या जातीयतेची म्हणून सांगतो आणि ती आहेच. पण बाबासाहेबांनी त्यात आपल्या माणसांबद्दलही लिहिलंय. पाहुण्याला पायी न नेता मानानं न्यायचं, या ओढीत त्यांच्या हातून पाहुण्याच्या जिवाचा विचार राहून गेला. रागानं नाही, दुःखानं लिहिलंय. समाजशास्त्र शिकताना मला जातीचे सिद्धांत पुष्कळ वाचायला मिळाले, पण जात माणसाच्या हाडापर्यंत कशी पोचते हे या एका प्रसंगाइतकं स्पष्ट कुठे सापडलं नाही. कौशल्य एका बाजूला, गरज दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये भिंत.

आज टांगा आपला आहे, हाकणाराही आपलाच. मग हाकण्याचं ज्ञान पूर्ण आपलं का नको?

इथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण "स्टिकर वाचा" एवढं सांगून थांबणं म्हणजे कंपनीला पोथी मानणं. अमेरिकेत फोर्ड कंपनीची एक्सप्लोरर नावाची उंच, जीपवजा गाडी होती. तिच्या फायरस्टोन टायरांसाठी फोर्डनं २६ पीएसआयचा आकडा दिला होता. गाडी उलटण्याची शक्यता कमी व्हावी, हा त्यामागचा हेतू होता. टेक्सास, ॲरिझोनासारख्या उष्ण राज्यांत, भरलेल्या गाड्या वेगानं पळताना या टायरांचे पट्टे सुटू लागले आणि गाड्या उलटू लागल्या. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोननं सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. अमेरिकी सरकारी यंत्रणेकडे नोंदले गेलेले मृत्यू २७० च्या वर गेले. टायर कंपनी म्हणे गाडीत दोष, हवेचा आकडा कमी. गाडी कंपनी म्हणे टायरमध्ये दोष. पुढे फोर्डनं शिफारस ३० वर नेली. त्याच वर्षी तिथे नवा कायदा झाला आणि त्यातूनच पुढे नव्या गाड्यांत टायरचा दाब दाखवणारी यंत्रणा सक्तीची झाली. म्हणजे दारावरचा आकडाही माणसांनीच ठरवलेला असतो, त्यांचेही हितसंबंध असतात. सुरुवात त्या आकड्यापासून करायची, पण टायर किती तापतोय, कसा झिजतोय, हे स्वतः तपासत राहायचं. कालामांना तथागतांनी हेच सांगितलं होतं ना, परंपरा आहे म्हणून नको, ग्रंथात आहे म्हणून नको, गुरू सांगतो म्हणूनही नको.

आणि आपल्याकडे काय झालं? १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. चालकानं टायर फुटल्याचं सांगितलं. परिवहन विभागाच्या तपासणीत टायर फुटल्याच्या खुणा सापडल्या नाहीत. 'टायर फुटला' हे वाक्य आपल्याकडे किती सोयीचं आहे बघा. फुटलेल्या टायरला आरोपी करता येत नाही. काही दिवसांनी त्याच जागी महामृत्युंजय मंत्राचा सामूहिक जप झाला, यंत्र पुरलं गेलं आणि आता आसपास अपघात होणार नाही, असा दावा केला गेला. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी आवाज उठवला, जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. आपण सगळ्यांनी ते मोबाईलवर पाठवून हसून घेतलं.

हसताना आपल्या गाडीच्या काचेकडेही बघू या. लिंबू-मिरची आपण काढली, छान केलं. तिथे निळा झेंडा आणि 'जय भीम'चं स्टिकर आलं. ती आपली ओळख आहे, अभिमान आहे, लावलीच पाहिजे. पण "बाबासाहेबांचं नाव आहे गाडीवर, काही होत नाही" हे वाक्य मी मागच्या वर्षी कानांनी ऐकलंय. ते वाक्य आणि ते पुरलेलं यंत्र यांत फरक काय, हे मला कुणीतरी समजावून सांगावं. बाबासाहेबांच्या नावाला गंडा-ताईत करणं हा त्यांचा अपमान आहे, आणि तो आपल्याच लोकांकडून होतो तेव्हा जास्त लागतो.

टायरचीही एक उतरंड आहे, तीही सांगते. शहरातला गाडीमालक चाळीस हजार किलोमीटरनंतर टायर बदलतो. उतरवलेला बरा टायर जुन्या मालाच्या दुकानात जातो. तिथून तो तालुक्याच्या गाडीला लागतो, मग खेड्याच्या जीपला, शेवटी बैलबंडीला. जसजसा टायर म्हातारा होतो, तसतसा तो गरीब माणसाखाली येतो आणि त्याच्यावर बसणाऱ्यांची संख्या वाढत जाते. आमच्या कार्यकर्त्यांना मी टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचायला शिकवते. ३५१७ असेल तर २०१७ सालचा पस्तिसावा आठवडा. नक्षी चांगली दिसतेय म्हणून भाळायचं नाही. एवढ्या जुन्या, कडक पडलेल्या रबराला योग्य हवाही वाचवत नाही. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की तो टायर कायद्यानंही बाद. समृद्धीच्या प्रवेशावर परिवहन विभागानं गुळगुळीत टायरांच्या गाड्या परत पाठवल्या, तेव्हा आमच्याकडे "गरिबाला अडवतात" अशी ओरड झाली. मला ती पटली नाही. गरिबाला मरणाच्या वाटेवर सोडणं म्हणजे त्याची बाजू घेणं नव्हे. ओरडायचंच तर खेड्यातल्या गाडीवाल्याला नव्या टायरासाठी स्वस्त कर्ज का मिळत नाही, यावर ओरडावं. आणि माणसं जास्त झाली तर दुसरी गाडी करावी. टायरची भार सहन करण्याची हद्द ओलांडल्यावर हवेचा कुठलाच आकडा बरोबर नसतो.

यंदा आम्ही वर्गणीतूनच हवा मोजायचं एक गेज घेतलं. काही शे रुपयांची वस्तू. तीन गाड्या आहेत, तिन्हींचे स्टिकर वाचून आकडे वहीत उतरवले. हवा मोजायचं काम ड्रायव्हरचं नाही, प्रवाशांचं ठरलं, आणि ते दोन बारावीच्या मुलींनी मागून घेतलं. "हवा कमीच ठेवा लागते जी" म्हणणाऱ्या पोरानंच त्यांना व्हॉल्व्हवर गेज सरळ कसं दाबायचं ते दाखवलं. जंगलातून बाहेर पडून डांबरी लागलं की पहिल्याच पंपावर हवा वाढवायची आणि परतताना पांदणीच्या आधी पुन्हा उतरवायची, ही त्याचीच सूचना. वहीत तीही लिहिली.

तालीम म्हणून मुली रस्त्यावरच्या एका पेट्रोल पंपावर गेल्या. पंपावर हवा फुकट मिळणं हा ग्राहकाचा हक्क आहे, पण तिथल्या पोरानं आधी दहा रुपये मागितले. नंतर हवा भरली ती मीटरवर ३५ दाखवेपर्यंत. आमच्या गेजवर ३० आली. आमचंच चुकत असेल म्हणून पंक्चरच्या दुकानातल्या दोन वेगळ्या गेजनी मोजून घेतलं, दोन्हींवर ३० च. मुली परत पंपावर गेल्या आणि तक्रारवही मागितली. ती शोधायला पंपवाल्यांना वीस मिनिटं लागली. सापडली तेव्हा पहिलं पान कोरं होतं. त्यावर दोघींनी तारीख, वेळ, दोन्ही आकडे लिहिले, खाली सह्या केल्या आणि पानाचा फोटो काढून घेतला.