तबकडीचें वेष्टन

१९९९ सालीं गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं आजीच्या जात्यावरच्या ओव्या आम्हीं घरींच सीडीवर उतरविल्या. तबकडी १२ सेंटिमीटरची. डबीच्या पुढें तेवढाच चौरस कागद, मागें दोन्ही कडा दुमडलेला सुमारें १५ सेंटिमीटर रुंदीचा. घरच्या प्रिंटरवर ते छापून त्यांवर आजीचें नांव, गांव व ओव्यांची अनुक्रमणिका घातली, कडेवर तारीख. आतां तबकडी वाजविण्याचें यंत्र फारशा घरांत उरलें नाहीं. बिननांवाच्या तबकड्या आमच्याकडे रद्दींत गेल्या; ही मात्र सुनांनीं जपली, कारण आंत कोणाचा आवाज आहे, हें तो कागद सांगत होता. वाचकहो, जुन्या आवाजाची नवी प्रत अवश्य काढावी. पण तीवर नांव घालण्यास विसरूं नये.