सासूबाईंचं दिग्व्रत आणि लेकीचा व्हिसा



आमची लेक, एकुलती एक, मेकॅट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून चाकणला कामाला लागली आणि आता जर्मन शिकते आहे. क्लासची फी भरायची की नाही, यावर चिंचवडच्या घरी आठवडाभर धुसफूस चालली होती.

माझे दीर १९९९ साली अमेरिकेला गेले. तेव्हा 'वायटूके'च्या धास्तीने तिकडे प्रोग्रामर हवे होते. एच-१बी मिळाला की ग्रीनकार्ड येणारच, असं सगळे धरून चालायचे. आता त्या रांगेत भारतीयांची उमेदीची वर्षं जातात, कारण देश केवढाही असो, नोकरीच्या ग्रीनकार्डांत एका देशाला साधारण सात टक्केच वाटा. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेरून येणाऱ्यांच्या नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलर शुल्क लागलं!

जर्मनीचं उलट. तिथे म्हातारी माणसं वाढली, कामाला हात कमी. २०२४ मध्ये त्यांनी भारतीय कुशल कामगारांचे व्हिसे वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत न्यायचं ठरवलं. त्याच वर्षी महाराष्ट्राने बाडेन-वुर्टेम्बर्गशी करार केला. स्टुटगार्ट तिथलंच. इंजिनिअरच कशाला, नर्स आणि इलेक्ट्रिशियनही हवेत. गंमत बघा, २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज चाकणला आल्या, आता चाकणची मुलं तिकडे निघालीत.

आपल्या समाजाला हे नवं नाही. हालारी ओसवाल शंभर वर्षांपूर्वी केनियाला दुकानं थाटायला गेले. स्वातंत्र्यानंतर तिथे पाय टिकेनात, तेव्हा बरेच जण ब्रिटनला गेले. १९८८ साली लेस्टरला मंदिर उभं राहिलं. एकाच घराण्याने दोनदा देश बदलला.

माझी भीती वेगळी होती. सासरे गेले तेव्हा भाऊजी तिसऱ्या दिवशी पोचले. सासूबाईंनी ते पाहिलंय. त्यांचं दिग्व्रत आहे: पूर्वेला शिखरजी, पश्चिमेला समुद्राचा काठ, त्यापलीकडे पाऊल नाही. त्या नातीला अडवतील असं यांना वाटत होतं. (खरं सांगू, मलाही तेच हवं होतं.)

त्या म्हणाल्या, "व्रत मी घेतलंय. पोरीच्या पायात कशाला बांधता?"

फी भरली. लेक आता सूर्यास्ताच्या वेळा काढून बसलीय. स्टुटगार्टला डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो, जूनमध्ये साडेनऊला. उन्हाळ्याचं ठीक आहे, पण हिवाळ्यात कामावरून सुटेपर्यंत अंधारच. त्यात तिकडे ताटात बटाटा ठरलेला.

तुमची मुलं तिकडे असतील तर मला सांगा, संध्याकाळचा डबा ती कामावरच खातात का? आणि डब्यात नेतात तरी काय?