नकाराची किंमत

व्यापारांतील सचोटी म्हणजे माप पुरें आणि हिशेब चोख, एवढेंच आपण मानतों. परंतु धन्यानेंच अयोग्य आज्ञा केली तर नोकरानें काय करावें? ज्याचें मीठ खावें त्याची आज्ञा पाळावी, हा संस्कार आपल्या घरांतून इतका खोल रुजला आहे कीं, हा प्रश्न आपल्याला सहसा पडतच नाहीं.

अमेरिकेच्या २०१६ च्या निवडणुकींत रशियानें केलेल्या ढवळाढवळीची चौकशी करण्याकरितां रॉबर्ट म्यूलर यांची मे २०१७ मध्यें नेमणूक झाली. त्यांचा ४४८ पानांचा अहवाल एप्रिल २०१९ मध्यें प्रसिद्ध झाला. अध्यक्ष ट्रम्प यांनीं आपले विधिसल्लागार डॉन मॅगान यांना म्यूलर यांस दूर करविण्यास सांगितलें, असें त्यांत नमूद आहे. ट्रम्प यांनीं हें नाकारलें. मॅगान यांनीं मात्र ती आज्ञा पाळली नाहीं. पद सोडण्याची तयारी ठेविली. पुढें ही बातमी फुटली, तेव्हां ती खोटी ठरविणारें टिपण लिहून देण्यासही ते राजी झाले नाहींत. ‘टिपणें कां ठेवतां?’ या प्रश्नावर, खरा वकील तीं ठेवतोच, अशा अर्थाचें उत्तर त्यांनीं दिलें. चौकशीवर दाब आणण्याचे प्रयत्न बहुतांशीं फसले, ते भोंवतालच्या माणसांनीं आज्ञा अमलांत आणल्या नाहींत म्हणून, असा म्यूलर यांचा अभिप्राय आहे. उलट अध्यक्षांचे निष्ठावंत वकील मायकेल कोहेन यांनीं मॉस्कोंतील नियोजित इमारतीविषयीं काँग्रेसपुढें असत्य सांगितलें. इतर गुन्ह्यांसह त्यांस डिसेंबर २०१८ मध्यें तीन वर्षांची शिक्षा झाली.

टिपणांची गोष्ट वाचून मला माझ्या वडिलांची आठवण झाली. ते एका पेढीवर हिशेब लिहीत. तोंडी आज्ञा वहींत चढवितांना ते शेजारीं सांगणाऱ्याचें नांव घालीत. नांव लिहिलें जाणार असें दिसतांच कित्येक आज्ञा आपोआप मागें घेतल्या जात. कागदावर यावयास जी लाजते ती आज्ञा पाळूं नये, ही त्यांची साधी कसोटी होती.

पण नकाराला किंमत पडते, आणि ती एकट्या नोकराला नव्हे, साऱ्या घराला द्यावी लागते. आपलीं मुलें, सुना, लेकी आज बँकांत आणि कंपन्यांत आहेत. त्यांची बढती हुकली तर आपण प्रथम काय विचारतों? ‘वरिष्ठांशीं जुळवून कां घेतलें नाहींस?’ असेंच ना? मग त्यांनीं ‘नाहीं’ म्हणावयाचें तरी कोणाच्या बळावर? ताठ कण्याचा मनुष्य कचेरींत दिसतो. पण तो कणा घडतो घरच्या पंगतींतच.