एकी वासना

एम.ए.ला परवानगी मिळाली ती एकाच अटीवर: मुक्काम करायचा नाही. त्यामुळे २००५ ते २००७ ही दोन वर्षं मी वडीगोद्रीहून औरंगाबादला रोज जाऊन-येऊन मराठी शिकले. सकाळी बीडकडून येणारी एसटी फाट्यावर थांबायची; थांबायची म्हणजे वेग कमी करायची. अंकुशनगरच्या कारखान्याचं गाळप सुरू झालं की रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या, मग पहिला तास बुडालाच म्हणून समजायचं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात पहिल्या वर्षी आम्हाला ‘लीळाचरित्र’ होतं. सरांनी एके दिवशी फळ्यावर एकच शब्द लिहिला: वासना. मागच्या बाकावर खसखस पिकली. सरांनी हसू पुरतं संपू दिलं आणि मग सांगितलं, जुन्या महानुभाव ग्रंथांत वासना म्हणजे एकाच प्रसंगाची निराळी आठवण. म्हाइंभटाने चक्रधरांच्या लीळा ज्यांनी पाहिल्या, ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन गोळा केल्या, नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या. ती मूळ पोथी पुढे लुटीत गेली, असं परंपरा सांगते. मग ज्यांना पाठ होतं त्यांच्याकडून ती पुन्हा उभी राहिली. त्यांत हिराइसा नावाची एक बाई. आठवणी जुळल्या नाहीत तिथं एक ठेवून दुसरी फेकली नाही. ही एक वासना, ती दुसरी, असं करून दोन्ही लिहिल्या.

मी ते वहीत उतरवलं, परीक्षेला येईल म्हणून. चक्रधर पैठणला राहिले, त्यांची शिष्या बाईसा तिथलीच, आणि पैठणची गोदावरी आमच्या शहागडाला येते, एवढीच माझी त्या ग्रंथाशी सोयरीक.

दुसऱ्या वर्षी बोलीचा प्रकल्प आला. गावातल्या म्हाताऱ्या माणसाची एक आठवण टेप करायची आणि तो बोलतो तशी, एक अक्षर न सुधारता लिहायची. माझ्या घरातच आजी होती. मामेभावाचा टेपरेकॉर्डर आणला. आजीनं बहात्तरचा दुष्काळ सांगायला घेतला: मिलोच्या लाल भाकरी, मुकादमाची हजेरी, आणि मधला काका कामावरच कसा झाला ते. “कालव्याचं काम व्हतं. लिंबाखाली झाला. दोन घमेली टाकून आल्ते तवर कळा सुरू.”

ओट्यावर चुलत आजी शेंगा फोडत बसलेली. ती मान वर न करता म्हणाली, “कालवा कुठला गं? खडी फोडाय व्हतो आपण, सडकंवर. अन् पोरगं घरी झालं. नाळ म्या कापली.”

“हिला काय ठावं!”

पुढचा अर्धा तास कॅसेटवर नुसतं भांडण आहे. सुकडी त्या दिवशी वाटली की पुढच्या महिन्यात, यावर तर दोघी हातघाईवर आल्या.

प्रकल्प नीटनेटका दिसावा म्हणून मी चुलत आजीला सगळीच काढून टाकली. आजीची सलग आठवण राहिली, स्वच्छ अक्षरात. आठवड्याने सरांनी ती वही परत दिली. एका ओळीखाली लाल रेघ होती आणि समासात प्रश्न: ‘हिला म्हणजे कोणाला?’

आजीचं ते वाक्य खोडायचं राहून गेलं होतं. माझे कान तापले. सर रागावले नाहीत, हेच जास्त लागलं. एवढंच म्हणाले, “म्हाइंभटाला एसटी नव्हती, तरी तो परत परत गेला. तुम्हाला तर पास आहे.”

मी खरं काय ते शोधायला लागले. जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ची, उद्घाटन १९७६चं. म्हणजे बहात्तर साली त्याच्या डाव्या कालव्याचं काम चालू असणं शक्य होतं. खडी फोडणं तर त्या साली गावोगाव होतं. दोघींची साक्ष एकसारखी भक्कम. काकाला विचारलं तर त्यानं शाळेचा दाखला काढून दाखवला: जन्मतारीख १ जून. आमच्या गल्लीत निम्मी माणसं एक जूनचीच. गुरुजींनी नाव घातलं तो दिवस. “मी व्हतो का तवा बघायला?” काका म्हणाला आणि मोटार चालू करायला मळ्यात गेला.

शेवटी पानाच्या मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे आजी, उजवीकडे चुलत आजी. वर लिहिलं, एकी वासना. पलीकडे, दुसरी वासना. तळाला दाखल्याची तारीख. गुण बरे पडले, पण ते आता नेमके आठवत नाहीत.

आजी जाऊन बरीच वर्षं झाली. मागच्या दिवाळीत माहेरी गेले, तर चुलत आजी ओट्यावर काकाच्या नातीला जवळ घेऊन सांगत होती: कालव्याचं काम व्हतं, लिंबाखाली झाला तुजा आजा, दोन घमेली टाकून आल्ती त्याची माय तवर कळा सुरू.

खडी नाही, सडक नाही. नाळ कापणारे हातही नाहीत.

मी उंबऱ्यातच थबकले. तिनं मला पाहिलं. “तू लिवून ठिवलंय ना गं ते?”

“ठेवलंय,” मी म्हणाले.

कोणतं, ते तिनं विचारलं नाही.